आत्याचा मांडव

आत्याला हळू आवाजात बोलता येत नसे. उभं आयुष्य तिनं एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाई विभागात काढलं होतं. तिथली अवाढव्य यंत्रं दिवसभर घरघरायची, वाफेचे पाइप फुसफुसायचे आणि खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या बाईलाही काही सांगायचं तर घसा ताणूनच सांगावं लागे. निवृत्त झाल्यावर यंत्रं मागे राहिली, आवाज मात्र तिच्याबरोबर घरी आला. स्वयंपाकघरात भाचीच्या कानाशी लागून तिनं सांगितलेलं गुपित दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचायचं, आणि तिथून कुणीतरी त्यावर आपलं मतही कळवायचं.

घर भावाचं होतं. तिचा हा थोरला भाऊ, तिचा दादा, घड्याळजी होता. बाजाराच्या कोपऱ्यावर खिडकीएवढं दुकान, डोळ्याला भिंग लावलेलं, आणि समोर तांदळाच्या दाण्याहून बारीक चाकं. वहिनी बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती. मुलगी शिकून एका कचेरीत लागली होती. बागांचे आणि मोकळ्या जागांचे नकाशे करणारी कचेरी होती ती. दादाला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा आत्याच्या निवृत्तीला नुकतेच थोडे दिवस झाले होते. ती एक पिशवी घेऊन त्याला बघायला आली ती राहिलीच. ‘आत्या’ ही भाचीची हाक, पण ती सगळ्या वसाहतीनं उचलली. वयानं तिच्याहून मोठे असलेले सोसायटीचे चेअरमनसुद्धा तिला आत्याच म्हणत.

दादाला व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. हळूहळू तो काठीच्या आधारानं खोलीतल्या खोलीत चालायला लागला. तेव्हा त्या म्हणाल्या की आता यांना रोज बाहेर न्या. माणसांत बसवा, चार पावलं चालवा, नाहीतर अंग येईल तेवढंच येऊन थांबेल. घर तळमजल्यावरचं. दार उघडलं की समोर आवार. यात अवघड काय, असं आत्याला वाटलं. पण दादानं तिला भीक घातली नाही. “मला भाजून मारायचं असेल तर तसं सांग,” तो म्हणाला. बोलताना शब्द त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून निसटायचे, पण टोमणा बरोबर लागायचा.

आणि त्याचं काही चूक नव्हतं. चार इमारतींच्या मधोमध ते आवार, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरशी घातलेलं. एका बाजूला गाड्यांसाठी पत्र्याची शेड. झाड म्हणून औषधालाही नाही. सकाळचं ऊन वर चढलं की फरशी तापायला लागे, दुपारी पायाला चटका बसे, आणि सूर्य उतरला तरी त्या फरशीतून, भिंतींतून, पत्र्यातून दिवसभर पोटात घेतलेली धग बाहेर पडत राही. दार उघडलं की कपडे वाळवायच्या यंत्राचं झाकण उघडल्यासारखा झोत तोंडावर यायचा. त्या झोताशी आत्याची जुनी ओळख होती. नोकरी संपली तेव्हा तो मागे सुटला, असं तिला वाटलं होतं.

आता हातावर हात ठेवून बसणं आत्याच्या स्वभावात नव्हतं. धुलाई विभागात सगळ्यांत गार जागा कुठली, तर गच्चीवर ओल्या चादरी टांगलेल्या असायच्या त्यांच्या मधली. जेवणाच्या सुट्टीत बायका तिथं जाऊन बसायच्या. झालं तर मग. तिनं घरातल्या आणि शेजारपाजारच्या जुन्या चादरी गोळा केल्या, आवारात आडव्या दोऱ्या बांधल्या, आणि एका दुपारी निथळत्या चादरींची गल्ली उभी केली. मध्ये खुर्ची मांडली. थोडा वेळ खरोखरच गार वाटलं. मग वारा पडला, चादरींच्या मधली हवा दमट होऊन अंगाला चिकटायला लागली, आणि बघता बघता चादरी कडकडीत वाळल्या. तिनं पुन्हा भिजवल्या, पुन्हा वाळल्या. तेवढ्यात चेअरमन स्कूटरवरून आत आले आणि एक ओली चादर त्यांच्या तोंडावर अशी बसली की स्कूटर एकीकडे आणि ते दुसरीकडे. लागलं काही नाही. पण डोक्यावर चादर घेऊन ते उभे राहिले तेव्हा दादा खिडकीतून ते बघत होता, आणि तो हसला. अर्ध्या तोंडानं का होईना, पण खळखळून हसला. आजारपणानंतर पहिल्यांदाच. आत्याला चादरी काढाव्या लागल्या, पण त्या हसण्यापायी तिला त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी भाची घरी आली तेव्हा तिला सगळी हकिगत वाटेतच कळली होती. ती हसून हसून बेजार झाली, मग आत्याजवळ बसली आणि म्हणाली, “आत्या, तुझा विचार बरोबर आहे. फक्त चादर चुकीची आहे. झाडाचं पान म्हणजे न वाळणारी चादर. मूळ खालून पाणी ओढतं आणि पान दिवसभर ओलं राहून हवा गार करतं. आणि वर सावली असली की फरशी तापतच नाही.”

आत्यानं विचारलं की एवढं कळतं तर आजवर गप्प का बसलीस. भाचीनं सांगितलं की नोकरीला लागल्या लागल्या तिनं चेअरमनांना एकदा विचारलं होतं. फरशीचं नाव काढताच त्यांनी असा चेहरा केला की पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

दोघींनी मिळून बेत ठरवला. बेत ठरवताना भांडणही झालं. आत्याला सगळीकडेच वेली हव्या होत्या. दोन इमारतींच्या फटीत जाळीचं कुंपण होतं, त्यावर वेल किती छान चढेल, असं ती म्हणत राहिली. भाची म्हणाली की संध्याकाळचा वारा त्याच फटीतून येतो, तिथं काही लावायचं नाही. आत्या म्हणाली, वेलीतून वारा येत नाही का? भाचीनं तिला दुसऱ्या दिवशी तिथं नेऊन उभं केलं. अंगावरच्या घामाला वारा लागला आणि आत्यानं जाळीचा विषय सोडला.

मग ती चेअरमनांकडे गेली. भांडायच्या तयारीनंच गेली होती. चेअरमनांनी तिचं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की ते जिवंत आहेत तोवर या आवारात पुन्हा माती दिसणार नाही. पूर्वी इथं मातीच होती. पावसात चिखल व्हायचा. त्या चिखलात त्यांची आई घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर कामगारांच्या डोक्यावर उभं राहून त्यांनी एकेक फरशी बसवून घेतली होती. हे आत्याला ठाऊक नव्हतं. ती गप्प घरी आली. तिची ही शांतता वसाहतीला नवीन होती. शेजारीण दोनदा येऊन विचारून गेली, बरं आहे ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, पण चेअरमनांकडे नाही, त्यांच्या आईकडे. समोरच्या इमारतीत, तळमजल्यावरच त्यांचं घर. आजींना सगळे आजीच म्हणत. त्या खिडक्या बंद करून, पडदे ओढून, पंख्याखाली पडून होत्या. आत्यानं त्यांना चादरींची गोष्ट सांगितली, दादाची सांगितली, आणि शेवटी भीत भीत फरशीचा विषय काढला. आजींना कमी ऐकू यायचं, त्यामुळे आत्याचा आवाज त्यांना अगदी बेताचा वाटला. इतक्या दिवसांत कुणाचं सगळं बोलणं पहिल्यांदाच नीट ऐकू आलं, असं त्या म्हणाल्या. मग उशीवर कोपर टेकून त्या जराशा उठल्या.

“चिखलात मी एकदाच पडले,” त्या म्हणाल्या. “या फरशीपायी रोज घरात पडून आहे.”

चेअरमन दारातच उभे होते. एवढ्या मोठ्यानं चाललेलं बोलणं त्यांना ऐकू न येणं शक्यच नव्हतं. ते आत जाऊन पाणी प्यायले. पण संध्याकाळी ते आपणहून आत्याच्या दारात आले. म्हणाले की चालायची वाट आहे तशी राहील, मातीच्या कडेला दगड लावायचे म्हणजे चिखल वाटेवर येणार नाही, आणि तेवढीच फरशी निघेल जेवढी भाची खडूनं आखून देईल. आणि काढीन मी, ते म्हणाले, दुसऱ्या कुणाला ती न फोडता काढायला जमणार नाही. खरोखर, पुढच्या रविवारी ते पहार घेऊन गुडघ्यांवर बसले होते, आणि प्रत्येक फरशी निघाली की तिच्या पाठीवरची माती हातानं पुसत होते.

दादाच्या खिडकीच्या भिंतीलगत एक लांब पट्टा निघाला आणि आवाराच्या मध्याजवळ एक चौकोन. चौकोनात बदामाचं रोप लावायचं ठरलं. मोठ्या पानांचा, आडव्या फांद्यांचा, छत्रीसारखा पसरणारा बदाम. पट्ट्यात मधुमालतीच्या वेली. भिंतीपासून वीतभर अंतर सोडून लोखंडी खांब आणि तारा उभ्या केल्या, म्हणजे वेल भिंतीला चिकटणार नाही, ओल धरणार नाही आणि मधून हवा खेळेल. त्याच तारा पुढे खांबांवरून नेऊन खिडकीसमोर मांडवही केला. तारा आत्याच्या जुन्या खात्यातल्या होत्या. कपडे वाळत घालायच्या जाड तारा, आता वाळवायची यंत्रं वाढल्यामुळे अडगळीत पडलेल्या. तिथल्या मुकादमानं वेटोळं करून तिच्या खांद्यावर टाकलं आणि वर विचारलं की घरीसुद्धा धुलाई काढलीस की काय.

पाण्याचा प्रश्न मोठा होता. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढ, तिथं झाडांना कोण देणार? आत्यानं घरोघरी जाऊन सांगितलं की कपड्यांचं शेवटचं, खंगाळल्याचं पाणी मोरीत ओतू नका, बादली दाराबाहेर ठेवा, मी उचलते. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी बादली ठेवायला नकार दिला. वेलीवरून साप चढून त्यांच्या खिडकीत येईल, अशी त्यांची खात्री होती. आत्यानं त्यांना सांगितलं की अक्कल असलेला साप या उन्हात दुसऱ्या मजल्यावर चढणार नाही. बाई रागावल्या. पण थोड्या दिवसांनी त्यांचीही बादली दाराबाहेर दिसायला लागली, फक्त ती त्या अगदी भल्या सकाळी ठेवायच्या, कुणी बघायच्या आत.

पहिल्या उन्हाळ्यात सगळं जवळजवळ हातचं गेलं होतं. समोरच्या फरशीवरून उसळणाऱ्या धगीनं कोवळी पानं कडेनं करपली, शेंडे माना टाकून बसले. बदाम तर नुसती काडी. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. भाचीनं मुळाशी वाळलेला पालापाचोळा जाड पसरायला सांगितलं, म्हणजे ओल टिकेल. आणि आत्यानं आपल्या बुद्धीनं दुपारपुरत्या जुन्या चादरी तारांवर टाकल्या, यावेळी कोरड्या, नुसत्या सावलीसाठी. या दोन्हींमुळे वेली तगल्या. पावसाळ्यात त्यांनी जीव धरला, आणि पुढचा उन्हाळा लागला तेव्हा मांडव भरला होता. पांढऱ्या, गुलाबी, लाल घोसांनी वाकलेला, खाली हिरवा अंधार.

तिथं पाऊल टाकलं की फरक अंगाला कळायचा. बाहेरच्या फरशीवरून आलेला माणूस मांडवाखाली आला की आधी थांबायचा, मग डोळे मिटायचा. खालची माती पायाला गार लागायची. फटीतून आलेला संध्याकाळचा वारा आता पानांखालून वाहत यायचा. चेअरमनांनी दोन बाकं आणून टाकली. भाजी निवडायला बायका येऊ लागल्या, अभ्यासाची पोरं येऊ लागली, आणि एके दिवशी वॉकर टेकत, मुलाचा हात झिडकारत, आजी आल्या. बाकावर बसून त्यांनी वर बघितलं आणि बराच वेळ मान खाली केली नाही.

आला नाही तो एकटा दादा.

वेलीनं झाकलेली भिंत आता आतून हाताला गार लागत होती. खोली राहण्यासारखी झाली होती. “इथंच बरं वाटतंय आता,” तो म्हणाला. “बाहेर कशाला?” आत्यानं लाडीगोडी लावली, रागावून पाहिलं, व्यायामाच्या बाईंना सांगायला लावलं. शेवटी एका संध्याकाळी ती त्याच्यासमोर बसून राहिली, तेव्हा त्याच्या तोंडून खरं निघालं.

“लोक माझ्याकडे घड्याळं घेऊन यायचे,” तो खाली बघत म्हणाला. “आता हा हात बघायला येतील.”

म्हणजे ऊन हे निमित्त होतं. आत्याला भडभडून आलं, आणि भडभडून आलं की तिचा आवाज आणखी चढायचा. “हाताची लाज वाटते तुला? आमची? आमच्यासमोर?” ती म्हणाली. खिडकी उघडी होती. बाहेर मांडवाखाली चाललेल्या गप्पा एकदम थांबल्या. त्या शांततेत दोघांनाही कळलं की सगळ्यांनी ऐकलं. दादानं तोंड भिंतीकडे फिरवलं. आत्यानं स्वतःच्या तोंडावर हात दाबला, पण आता काय उपयोग?

त्यानंतर तो तिच्याशी बोलेना. जेवण पुढ्यात ठेवलं की जेवायचा, गोळ्या दिल्या की घ्यायचा, पण शब्द नाही. आत्याला अन्न गोड लागेना. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याचंच मन आपण चव्हाट्यावर मांडून बसलो, असं तिला वाटत राहिलं. मांडवाखाली जायचंही तिच्या जिवावर आलं.

आजींना त्या दिवशीचं ऐकू आलं होतं, कारण आत्याचं सगळंच त्यांना ऐकू यायचं. त्यांनी कुणाला उपदेश केला नाही. मग एका संध्याकाळी पत्त्यांचा जोड घेऊन त्या आल्या, बाक ओढून थेट दादाच्या खिडकीखाली लावायला सांगितला, आणि आत्याला हाक मारली. रमी खेळायची म्हणाल्या. आत्याला रमी येत नव्हती. तिनं तसं सांगितलं. आजी म्हणाल्या, त्यासाठीच तर.

आत्या खेळली ते बघवण्यासारखं नव्हतं. हातातली जुळणारी पानं टाकायची, नको ती उचलायची, आणि चौकटला बदाम म्हणायची. आजीही कमी नव्हत्या. आत्याचं लक्ष नसलं की टाकलेल्या ढिगातलं पान बिनदिक्कत उचलून घ्यायच्या. खिडकीत दादा बसला होता. पहिला डाव त्यानं सहन केला. दुसऱ्या डावात त्याची काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. तिसऱ्यात आत्यानं बदामाची राणी टाकायला उचलली आणि वरून शब्द पडले.

“ती टाकू नको.”

आत्यानं वर बघितलं नाही. राणी तशीच हातात धरून ती म्हणाली की मग कुठली टाकू, मला काय कळतंय. वरून त्यानं पान सांगितलं. आजींनी तक्रार केली की खिडकीतून बोलणं खेळात धरत नाहीत. सांगायचं तर समोर बसून सांगा. मग आत काठीची ठक, एक पाऊल, पुन्हा ठक, आणि दाराची कडी वाजली.

तो बाहेर आला तेव्हा बाकांवरच्या बायका भाजी निवडतच राहिल्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांनी मान खाली घालून त्या भाजीत असं डोकं घातलं, जणू तिच्यात काही हरवलंय. दादा आत्याच्या शेजारी बसला. लुळा हात त्यानं मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं तिच्या हातातली पानं हिसकावून घेतली. ती एका हातात धरवेनात. दोन पानं निसटून मातीत पडली. आजींनी वाकून बघायचा प्रयत्न केला, तर तो म्हणाला, “बघू नका. तुमची तीच सवय आहे.”

पुढच्या दिवशी चेअरमन एक लाकडी पट्टी घेऊन आले. करवतीनं तिच्यात लांब खाच पाडली होती, पानं उभी राहतील अशी. आणि पॉलिश पेपरनं कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या. पट्टी त्यांनी दादासमोर ठेवली आणि स्वतःसाठीही पानं वाटायला सांगितली.

मग दादाची संध्याकाळ मांडवाखालीच जायला लागली. खेळून झालं की काठी टेकत तो बदामापर्यंत जाऊन यायचा. व्यायामाच्या बाई खूष होत्या. हात काही परत आला नाही, पण जीभ मोकळी झाली, आणि तिचा पहिला उपयोग त्यानं आत्याच्या खेळाची निंदा करायला केला. कुणी हाताकडे बघितलं तर तो बघू द्यायचा. एकदा एका लहान मुलीनं सरळ विचारलं की हा हात झोपलाय का. तो म्हणाला, हो, आळशी आहे. तिनं त्यावर एक मधुमालतीचं फूल ठेवलं आणि ती खेळायला पळाली.

बदाम आता पहिल्या मजल्याच्या वर गेलाय. त्याची पानं लाल होऊन ताटाएवढी गळतात आणि चेअरमन झाडू घेऊन पुटपुटत असतात, पण दुसऱ्या कुणाला झाडू देत नाहीत. मागच्या बाजूच्या इमारतींनीही फरशी काढायला घेतली आहे. तिथले लोक भाचीला नकाशा विचारायला येतात आणि आत्याला पाण्याच्या बादल्यांचं कसं जमवायचं ते.

ज्या दिवशी दादा पहिल्यांदा बाहेर आला, त्या दिवशी भाचीला यातलं काही ठाऊक नव्हतं. कचेरीतून येऊन बघते तर दार उघडं, खोली रिकामी, बाबांची खुर्ची मोकळी. ती धावत बाहेर आली, मांडवाखाली बघितलं आणि जागच्या जागी उभी राहिली. तिच्या ओठांतून फक्त “बाबा” एवढंच निघालं.

त्यानं पानांवरून नजर काढली नाही. “थांब,” तो म्हणाला, “आजी लबाडी करतायत.”